कासवाचं वजन भिजवल्यावर भरतं आणि आठवड्यात पुन्हा उतरतं, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. कासव काट्यावर ठेवलं, तर गेल्या वेळेपेक्षा पंचवीस-तीस ग्रॅम कमी. जीव धास्तावतो. मग त्याला कोमट पाण्यात बसवायचं, समोर जास्तीचा पाला टाकायचा, आणि दोन दिवसांनी तोलावं तर वजन जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. असं महिनोन्महिने चालतं आणि दर खेपेला खाणं तेवढं वाढत जातं.

वजन असं वर-खाली होत असेल तर खाण्याला इतक्यात हात लावू नका, आधी पाण्याचा हिशेब लावा. अर्ध्या किलोच्या कासवाच्या अंगावर दोन दिवसांत तीस ग्रॅम मांस चढत नाही. एवढ्या घाईने येतं-जातं ते पाणी, लघवी आणि आतड्यातला पाला. खरं वजन कळायचं तर आधी हे तिन्ही बाजूला काढावे लागतात. (पुढचं सगळं जमिनीवरच्या कासवांबद्दल आहे. पाण्यात राहणाऱ्यांचं गणित वेगळं.)

काट्यावर काय काय चढतं

जमिनीवरच्या कासवाचं मूत्राशय ही त्याची पाण्याची साठवण असते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटी कासवात पाणी आणि त्यात साचलेले टाकाऊ पदार्थ मिळून हा साठा शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त भरू शकतो. प्यायला मिळेनासं झालं की याच साठ्यातून पाणी पुन्हा शरीरात शोषलं जातं. सगळ्याच जाती एवढी मोठी साठवण करतात असं नाही, पण व्यवस्था तीच. म्हणून उचलल्यावर घाबरून कासवाने लघवी केली की काट्यावरचा आकडा तिथल्या तिथे खाली येतो, आणि आपल्याला वाटतं ते आजारी पडलं.

त्यात आतड्यातला चारा मिळवा. तो बाहेर पडायला कित्येक दिवस घेतो. मादी असेल तर अंड्यांचंही वजन असतं, आणि नर जवळ नसतानाही मादीच्या पोटात अंडी तयार होतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

तोलताना दोन रकाने ठेवा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. तो कासवापुरता वेगळा ठेवा, कारण धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि त्याच काट्यावर पीठ मोजणं बरं नव्हे. काट्यावर टब ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग त्यात कासव. काही कासवं क्षणभर स्थिर बसत नाहीत. त्यांना उपड्या वाटीवर असं ठेवायचं की पाय अधांतरी राहतील. पायांना काही टेकत नाही तोवर आकडा वाचून होतो. हात मात्र जवळच असू द्या.

आठवड्यातून एक दिवस ठरवा. सकाळी, खायला घालायच्या आधी आणि भिजवायच्या आधी तोला. मग भिजवा, कोरडं पुसा, पुन्हा तोला. वहीत दोन रकाने: आधीचं आणि नंतरचं. भिजताना शी-लघवी झाली असेल तर तेही शेजारी लिहा, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

समजा पहिल्या आठवड्यात आधी ४८६ आणि नंतर ५१२ ग्रॅम भरलं. दुसऱ्या आठवड्यात आधी ४८८, नंतर ५१३. तिसऱ्यात ४९१ आणि ५१५. नुसते कधी आधीचे, कधी नंतरचे आकडे नोंदवणाऱ्याला यात ५१२ वरून ४८८ ची घसरण दिसेल आणि तो हादरेल. आधीचा रकाना तेवढा वाचा. ४८६, ४८८, ४९१. कासव सावकाश वाढतंय. त्याच्या अंगात मांसाची तूट नाही. पण दर आठवड्याला ते पाच टक्के वजनाचं पाणी एका बैठकीत पितंय, म्हणजे मधले सहा दिवस त्याला पाणी कमी पडतंय. दोन रकान्यांमधला हा फरक हीच खरी बातमी आहे.

पाणी पुरेसं मिळणारं कासव भिजवल्यावर थोडंच पितं, बरेचदा लघवी करून उलट हलकंच होतं. त्यामुळे ‘भिजवून वजन वाढलं, छान झालं’ असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. वाढलं याचा अर्थ तहान होती.

आधीचा रकानाच ओळीने तीन-चार आठवडे उतरत असेल तर प्रकरण वेगळं. त्याकडे पुढे येतो.

लांबीशी ताडून पाहताना

‘इतक्या सेंटीमीटरला किती ग्रॅम हवं?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. ब्रिटिश पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी ग्रीक आणि हर्मन या दोन जातींच्या कासवांची लांबी आणि वजन ताडून एक आलेख मांडला होता. जॅक्सन रेशो या नावाने तो आजही फिरत असतो. अडचण अशी की तो त्या दोन जातींपुरताच आहे. रशियन म्हणजे हॉर्सफील्ड कासव गोलसर असतं, सल्काटाची ठेवण वेगळी, बिबट्या कासवाची पाठ उंच घुमटासारखी. तिथे हा आलेख लावून ‘लठ्ठ’ किंवा ‘रोड’ असा निकाल देणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून स्वतःला बारीक समजणं. त्याच दोन जातींतही वजन आलेखात बसलं म्हणून कासव निरोगी ठरत नाही. मूतखडा किंवा पोटात साचलेलं पाणी काट्यावर छान भरघोस दिसतं.

मला जास्त कामाची वाटते ती त्याच कासवाची त्याच्याशीच तुलना. लांबी कवचाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायची, पाठीच्या गोलाईवरून फीत फिरवायची नाही. दोन जाड पुस्तकं उभी करून त्यांच्यामध्ये कासव ठेवायचं आणि पुस्तकांमधलं अंतर मोजायचं, की झालं. लांबी वाढते तेव्हा रुंदी आणि उंचीही वाढते, म्हणून वजन लांबीच्या घनाच्या हिशेबाने वाढतं. १२ सेंमीचं ४०० ग्रॅमचं कासव १३.२ सेंमी झालं तर लांबी दहाच टक्के वाढली, पण वजन मात्र ५३२ ग्रॅमच्या आसपास जायला हवं. इथे ‘४४० झालं, वाढतंय की!’ म्हणून खूश होणारे खूप. खरं तर ते कासव त्याच्या आकाराच्या मानाने रोडावलंय.

हिशेब सोपा आहे: ग्रॅममधलं वजन भागिले सेंटीमीटरमधल्या लांबीचा घन. वरच्या उदाहरणात ४०० भागिले १७२८, म्हणजे ०.२३. हा आकडा दोन-तीन महिन्यांतून एकदा काढा आणि भिजवण्याआधीचंच वजन धरा. दुसऱ्याच्या कासवाचा आकडा विचारत बसू नका. पाठीवर उंचवटे आलेल्या किंवा कवच मऊ पडलेल्या कासवाची तुलना तर दुसऱ्या कुणाशी मुळीच होत नाही.

हाताने पाहायच्या जागा

मागच्या पायापुढे, पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं तिथे, कातडीचा एक खळगा असतो. कासव शांत असताना, पाय बाहेर असताना तिथे करंगळीचं टोक हलकेच टेकवा. चांगल्या अंगाच्या कासवात खळगा उथळ असतो आणि कातडीखाली भरीवपणा लागतो. रोडावलेल्या कासवात बोट आत जातं आणि कातडी रिकाम्या पिशवीसारखी लागते. मग कासवाला पाय आत घेऊ द्या. पाय ओढल्यावर खळग्यातून आणि काखेतून मऊ वळ्या बाहेर फुगत असतील, किंवा चारही पाय आणि डोकं एकदम आत मावत नसेल, तर अंगावर चरबी जास्त आहे. किंवा सूज. मूत्रपिंड किंवा हृदय बिघडल्यावरही अंगात पाणी साठून असंच दिसतं, आणि दोन्हीतला फरक घरी बसून ठरवू नये. सावकाश, वर्षभरात जाड झालेलं कासव बहुधा चरबीचं असतं. आठवड्याभरात फुगलेलं डॉक्टरांकडे न्यायचं.

डोकं वरून पाहा. डोळ्यांमागचे स्नायू बसले आणि कवटीची मधली कड वर आली तर ते कासव बऱ्याच काळापासून झिजतंय. पुढच्या पायांच्या वरच्या भागातही हाड हाताला लागू लागतं.

आता डोळे. पाणी खूप कमी झालं की डोळे आत जातात, हे खरं. पण ते उशिराचं लक्षण आहे. डोळे अजून भरलेले दिसतात म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. तोंड उघडलं तर आत ओलावा आणि गुलाबीपणा दिसावा. लाळ चिकट, तार सुटेल अशी असेल तर पाणी कमी आहे. कातडी चिमटीत धरून ती किती वेळात खाली बसते ते पाहायची कुत्र्या-मांजरांची युक्ती इथे सोडून द्या. कासवाची कातडी मुळातच ढिली आणि सुरकुतलेली, ती चिमटीला काय उत्तर देणार.

युरेट वाचायला शिका

पाण्याबद्दल सगळ्यात आधी आणि सगळ्यात खरं बोलतात ते युरेट. जमिनीवरची कासवं नायट्रोजनचा टाकाऊ भाग मुख्यतः युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात, कारण त्याला पाणी कमी लागतं. लघवीबरोबर किंवा शीबरोबर पांढरट पदार्थ पडतो, तो हाच. दर वेळी पडत नाही, मध्ये बरेच दिवस दिसला नाही तरी चालतं.

पाहायचं कसं? हातमोजा घाला, पांढरा ठिपका दोन बोटांत घ्या आणि चोळा. साईसारखा मऊ पसरला तर पाणी ठीक आहे. दाटसर असून विरघळतोय, तर भिजवण्याच्या खेपा वाढवा. बोटांना रेतीसारखी कचकच लागली किंवा सुकून खडूचा तुकडा व्हावा तसा बाहेरच पडत असेल, तर पाणी नक्की कमी पडतंय आणि बऱ्याच दिवसांपासून पडतंय. असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा धरायची भीती असते. रंग पांढरा ते मळकट पांढरा चालतो. लघवीला लालसर-केशरी झाक कधी खाण्यातल्या फुलापानांचीही असते. युरेट हिरवे येत असतील तर मात्र नमुना डबीत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, कारण तो यकृताकडे बोट दाखवणारा रंग आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांची गफलत करते. पाणी कमी पडलेलं कासव खाणं कमी करतं. पाल्यातले क्षार, विशेषतः पोटॅशियम, बाहेर टाकायला पाणी लागतं; पाणीच नसेल तर न खाणं हाच त्याच्या शरीराचा शहाणपणा. आपण पाहतो, ‘खात नाही, वजन उतरलं,’ आणि तोंडाशी आणखी पाला नेतो किंवा भरवायला जातो. अशा कासवाला आधी पाणी, मग खाणं. उलटा क्रम त्याच्या मूत्रपिंडांवर बेततो.

पाणी जातं कुठे

रकान्यांतला फरक मोठा, युरेट कचकचीत, पण आधीचा रकाना स्थिर असेल तर कासव आजारी नाही, त्याचं घर त्याला सुकवतंय. यातला नेहमीचा गुन्हेगार गरमीचा दिवा. दिव्याखाली ३२ ते ३५ अंश हवेतच, त्याशिवाय पचन होत नाही. पण छोट्या टाकीत एक तापट दिवा लावला की सगळी टाकीच भट्टी होते आणि कासवाला पळायला गार कोपरा उरत नाही. टाकी मोठी करा, म्हणजे दुसऱ्या टोकाला बावीस-चोवीस अंश राहील. वरून उघडी जाळी असेल तर ओल भराभर उडते. निम्मी झाकून पाहा.

ओल मोजणारं हायग्रोमीटर टाकीच्या काचेवर उंच चिकटवलेलं असतं. ते खाली, कासवाच्या नाकाच्या उंचीला, लपायच्या जागेजवळ ठेवा आणि फरक बघा. रेड-फूटसारख्या दमट जंगलातल्या जातीला सत्तर-ऐंशी टक्के ओल लागते, हॉर्सफील्डला त्याच्या बरीच कमी. जात कोरड्या मुलखातली असली तरी पिल्लांना कोरडं ठेवू नका. रानात ती दिवसाचा बराच वेळ बिळात, मुळांखाली, ओलसर मातीत काढतात. सल्काटाच्या पिल्लांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले, आणि आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. पाठीवर नवे उंचवटे येत असतील तर त्या पिल्लाला ओल कमी पडते का, हे आधी पाहा.

अख्खी टाकी दमट करायची गरज नसते. एका टोकाला ओलसर माती किंवा नारळाच्या भुशाची झाकलेली लपायची जागा केली तरी कासव आपण होऊन तिथे जाऊन बसतं. वरचा थर कोरडा, खालचा ओला असं जमवा. सतत चिंब जमिनीवर बसलं तर पोटाचं कवच सडतं. आणि पाण्याचं भांडं बघा. काठ उंच असेल, भांडं हलत असेल किंवा थेट दिव्याखाली असेल तर कासव तिथे फिरकत नाही. उथळ, जड ताट, काठ मातीच्या बरोबरीला, गार बाजूला. कासव त्यात घाण करणारच, पाणी रोज बदलायचं.

भिजवणं

पाणी कोमट, साधारण ३० अंश. खोली इतकीच की पाठीचं आणि पोटाचं कवच जुळतं तिथवर पाणी यावं आणि मान सहज वर राहावी. टब अपारदर्शक घ्या; काचेतून पलीकडचं दिसलं की कासव बाहेर पडायची धडपड करत राहतं आणि प्यायचं राहून जातं. वीस मिनिटं ते अर्धा तास, आणि पाणी थंड होऊ द्यायचं नाही.

मग नुसतं बघत बसा. पिणारं कासव मान लांब करतं, नाक पाण्यात बुडवतं आणि स्तब्ध होतं. हलतो तो फक्त गळा, हनुवटीखालची कातडी एका लयीत आत-बाहेर. मधे नाक वर काढून श्वास, पुन्हा खाली. हे दिसलं तर ते पितंय. नुसतं पाण्यात बसलेलं, मान वर धरलेलं कासव भिजलं, पण प्यालं असं धरू नका.

पिल्लांना रोज किंवा एक दिवसाआड, मोठ्यांना आठवड्यातून एक-दोनदा. घरातली कोरड कमी केल्यावर वहीतल्या दोन रकान्यांतला फरक काही आठवड्यांत घटायला लागला पाहिजे. भिजवल्यावर पुसून पुन्हा उबेत सोडा. रात्री भिजवू नका. टब त्याच कामाला ठेवा, हात साबणाने धुवा. पाण्यात जीवनसत्त्वांचे थेंब, मीठ-साखर वगैरे स्वतःच्या मनाने घालायची गरज नाही.

एवढं करूनही जमत नसेल तर

आधीचा रकाना ओळीने उतरतोय, भिजवूनही कासव पीत नाही, खळगे खोल जाताहेत: इथे घरचे प्रयोग थांबवा. टाकीतलं तापमान मोजून खात्री करून घ्या, कारण गारठलेलं कासव ना खातं, ना पितं, आणि ती चूक घरी दुरुस्त होते. तापमान बरोबर असेल तर जंत, तोंडातली जखम, मूत्रपिंड, यकृत अशी यादी लांबते, आणि ती रक्त, विष्ठा आणि एक्स-रे यांशिवाय पुढे सरकत नाही. पाणी कमी पडलेल्या कासवाला डॉक्टर नळीने किंवा इंजेक्शनने द्रव देऊ शकतात. तोंडात पिचकारीने पाणी सोडायच्या घरच्या खटपटीत ते श्वासनलिकेत जायची भीती असते.

उलट बाजूही लक्षात असू द्या. आधीचा रकाना विनाकारण चढतोय, मादी सारखी जमीन उकरतेय, कुंथतेय किंवा मागचे पाय ओढतेय, तर अंडी अडकलेली असू शकतात किंवा खडा. दोन्ही एक्स-रेत दिसतात. अशा वेळी वजन वाढलं म्हणून समाधान मानायचं नाही.

शीतनिद्रेला जाणाऱ्या जातींचा हिशेब निराळा. निरोगी कासव त्या काळात महिन्याला साधारण एक टक्का वजन घालवतं. एकूण घट दहा टक्क्यांकडे जायला लागली किंवा झोपेत लघवी झालेली दिसली तर त्याला उठवा, हळूहळू ऊब द्या आणि भिजवा, कारण साठवणीतलं पाणीच गेलेलं असतं. मुळात वजनाबद्दल शंका असलेल्या कासवाला त्या वर्षी झोपवूच नये.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या, आणि शेवटचे युरेट-विष्ठा डबीत. टाकीतलं दोन्ही टोकांचं तापमान, दिव्याचा प्रकार, रोजचं खाणं हेही लिहून न्या. तपासणीच्या टेबलावर कासव हमखास लघवी करतं, तेव्हा तिथला वजनाचा आकडा घरच्याशी जुळला नाही तर वाद घालू नका.